एक जुनी कानस, दोन वस्तू आणि तुटलेल्या तोंडावरचे तीन रंग

दाते झिजलेल्या कानशीपासून छोटी सुरी किंवा चकमकीची पट्टी घडवणे हे भट्टीकडे नव्याने वळलेल्या बहुतेकांचे पहिले काम असते. चांगल्या कानशीत साधारणपणे १ ते १.३ टक्के कार्बन असतो आणि इतर मिश्रधातू फारसे नसतात, त्यामुळे साधी भट्टी, ऐरण, चुंबक आणि तेलाचा डबा एवढ्या सामग्रीवर तिला पाणी देऊन टणक करता येते. पाणी देणे म्हणजे पोलाद लाल तापवून एकदम द्रवात बुडवणे, मग तो द्रव पाणी असो वा तेल. येथे अशाच एका कामाची नोंद मांडली आहे. एकाच कानशीचे दोन भाग करून मी एकातून सुरी आणि दुसऱ्यातून चकमकीची पट्टी, म्हणजे गारगोटीवर झाडून ठिणगी पाडण्याचा पोलादी तुकडा, घडवला. सुरी मूठ बसवताना तुटली आणि पट्टीने ठिणगी दिली नाही. दोन्ही वेळा मी दोष पाणी देण्याच्या क्षणात शोधत राहिलो, आणि दोन्ही वेळा तो त्याआधीच्या तावांत होता. ताव म्हणजे लोखंड भट्टीत तापवून ऐरणीवर आणण्याची एकेक खेप. पुढे हा शब्द वारंवार येईल.

कानस आणि तिची पारख

कानस २५० मिलिमीटर लांबीची, चपटी, दुहेरी कापाची (एकमेकांना छेदणाऱ्या दात्यांच्या दोन रांगांची), बास्टर्ड म्हणजे मध्यम-भरड प्रतीची होती. रुंदी २५ मिलिमीटरच्या आसपास, जाडी सुमारे ६ मिलिमीटर. प्रत्येक कानस आरपार पोलादाची नसते, हे आधीच सांगणे आवश्यक आहे. काही कानशी मऊ लोखंडाच्या असतात आणि फक्त त्यांच्या वरच्या थरात कार्बन मुरवलेला असतो. अशा कानशीचे दाते घासून काढले की खाली उरते ते पाणी न घेणारे लोखंड. म्हणून मी प्रथम ग्राइंडरवर कड टेकवून ठिणग्या पाहिल्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि थोड्या फाट्यांच्या असतात, तर जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या चाकाजवळच फुटतात आणि त्यांना दाट, पांढरट-पिवळी झुपकेदार नक्षी येते. येथे नक्षी दाट होती, आणि दाते घासून आत गेल्यावरही ती बदलली नाही.

दुसरी खात्री तोडून करायची होती. कानशीच्या टोकाचा बोटभर भाग व्हाइसमध्ये धरला, वर जाड कापड गुंडाळले आणि हातोड्याचा एक फटका दिला. कारखान्यातून आलेली टणक कानस काचेसारखी फुटते आणि तिचे कपचे गोळीसारखे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि कानशीवर कापड असल्याशिवाय हा प्रयोग मी कधीच करत नाही. तुटलेले तोंड कडेपासून कडेपर्यंत एकसारखे राखाडी होते, मखमलीसारखे, त्यात एकही दाणा, म्हणजे पोलादाचा स्फटिक, चमकत नव्हता. हा तुकडा मी एका डबीत जपून ठेवला. पुढे सगळी तुलना त्याच्याशीच करावी लागली.

उरलेली कानस मी दोन भागांत तोडली. शेपटाकडचा सुमारे १४० मिलिमीटरचा भाग सुरीसाठी ठेवला, कारण कानशीचे शेपूट मुठीत जायला आयतेच मिळते. पुढचा भाग पट्टीसाठी ठेवला.

पहिली घडण

सुरी घडवताना मी दोन निर्णय घेतले, जे त्या वेळी मला निर्णय वाटलेही नाहीत. पहिला असा की दाते घासून न काढता कानस तशीच तापवली. पात्याच्या पाठीजवळ दात्यांची जाळी दिसत राहावी, म्हणजे वस्तू कशातून आली ते पाहणाऱ्याला कळेल, ही इच्छा त्यामागे होती. दुसरा असा की पाते आणि शेपूट जिथे जुळतात त्या खांद्याचा आतला कोपरा ऐरणीच्या कडेवर ठोकून अगदी काटकोनात, धारदार ठेवला. तो नीटनेटका दिसत होता.

ताव मोजण्याची सवय मला आहे, त्यामुळे आकडा माझ्याकडे आहे: सुरीला १४ ताव लागले. छोट्या सुरीसाठी हे बरेच झाले. पात्याची धार ओढताना ती बाजू लांब होते आणि पाते पाठीकडे वाकते. मी ते आधी लक्षात न घेतल्याने प्रत्येक वेळी पाते सरळ करण्यात एक ताव खर्च होत गेला. शिवाय पातळ टोक लवकर थंड होते आणि जाड खांदा तापायला वेळ घेतो, म्हणून खांदा भट्टीच्या मध्यावर ठेवत गेलो. शेवटच्या चार-पाच तावांत खांद्याचा रंग नारिंगीच्या पुढे जाऊन पिवळसर झाला होता. इतक्या कार्बनच्या पोलादाला तो रंग परवडत नाही. ते पांढऱ्या रंगाकडे गेले तर हातोड्याखाली भुरभुरीत होऊन तुटते. तेवढे झाले नाही, म्हणून मी पुढे जात राहिलो.

आकार आल्यावर पाते थेट पाणी देण्यासाठी तापवले. पोलाद पुरेसे तापले की त्याला चुंबक धरत नाही; तसे चुंबक धरेनासे झाले, रंग लाल होता, तेव्हा ते कोमट वनस्पती तेलात बुडवले. पाते सरळ निघाले. चांगली कानस त्याच्या धारेवरून काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे ते टणक झाले होते. मला आनंद झाला. मग ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला एक तास ठेवून पाणी थोडे उतरवले, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून टणकपणा जरा घटवला. तिसऱ्या दिवशी मुठीचे लाकूड शेपटावर बसवताना लाकडी हातोडीने हलकेच ठोकले, आणि पाते खांद्यापाशी तुटून खाली पडले. तो ठोका इतका हलका होता की लाकडावर त्याचा वळही उमटला नव्हता.

तुटलेले तोंड

पहिला विचार मनात आला तो असा की पाणी फार कडक झाले असावे, किंवा २०० अंशांचा एक तास पुरला नसावा. हे कारण सोयीचे होते, कारण त्यावर उपाय सोपा होता: पुढच्या वेळी ओव्हन २० अंशांनी वाढवायचा. तुकडे फेकून देण्यापूर्वी मी तुटलेले तोंड भिंगाखाली धरले, आणि तिथे एकच रंग नव्हता.

खांद्याच्या आतल्या कोपऱ्याशी, जेमतेम एक मिलिमीटर खोलीची चंद्रकोर काळी होती. तो काळेपणा तेलाचा नव्हता. नखाने खरवडल्यावर निघत नव्हता आणि भट्टीत तापलेल्या लोखंडावर येणाऱ्या खपलीसारखा निबर होता. तिच्या पुढे सुमारे तीन मिलिमीटरचा पट्टा फिकट पिवळसर-तपकिरी होता. आणि त्यापुढचा सगळा भाग उजळ राखाडी, पण मखमली नव्हे. साखरेच्या दाण्यांसारखा चमचमणारा.

तुटलेल्या तोंडावरचा रंग त्या जागी हवा केव्हा पोहोचली ते सांगतो. उघड्या पोलादावर येणारा थर तापमानाप्रमाणे बदलतो. भट्टीच्या लाल उष्णतेत हवा लागली तर काळी खपली बसते. २०० अंशांच्या आसपास हवा लागली तर स्वच्छ पोलादावर फिकट गवती रंग चढतो. थंड असताना तुटले तर तोंड उजळच राहते. म्हणजे काळी चंद्रकोर ही घडण चालू असतानाच उघडी पडलेली चीर होती. तिथे कानशीचा एक दात हातोड्याखाली आडवा झोपून शेजारच्या खाचेवर दुमडला गेला होता आणि त्याची घडी आत बंद झाली होती. बाहेरून पाहता ती दात्यांच्या जाळीतली आणखी एक रेघ होती. तपकिरी पट्टा म्हणजे पाणी देताना तीच घडी पुढे फाटली, आणि नंतर ओव्हनमध्ये त्या फटीत हवा गेली. उजळ भाग तेवढा माझ्या लाकडी हातोडीने तुटला. मूठ बसवण्याच्या दिवशी सुरी खांद्यापाशी आधीच एक तृतीयांश तुटलेली होती.

पाणी देताना चीर का वाढली, हेही तिथेच दिसत होते. पोलाद टणक होताना त्यात मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते आणि तिचे आकारमान आधीच्या रचनेपेक्षा किंचित जास्त असते. पातळ पाते आधी थंड होऊन फुगून थांबते, जाड खांदा नंतर. दोघांच्या सांध्यावर ओढाताण होते आणि ती सगळी धारदार आतल्या कोपऱ्यात एकवटते. माझ्या कोपऱ्यात नेमकी तिथेच घडी होती. घडी नसती तर कदाचित कोपरा निभावला असता, आणि कोपरा गोल असता तर कदाचित घडी निभावली असती.

राहिला साखरेचा चमचमाट. तो दाणा मोठा झाल्याचा पुरावा होता. पोलाद जितके जास्त तापते आणि जितका वेळ तसे राहते तितके त्याचे दाणे एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि मोठ्या दाण्यांच्या पोलादात चीर सहज धावते. शेवटचे पिवळसर ताव दिल्यावर मी पाते एकदाही शांत हवेत थंड होऊ देऊन दाणा बारीक करून घेतला नव्हता. कानस घसरली म्हणून मी समाधान मानले. पण कानशीची चाचणी फक्त टणकपणा सांगते. मोठ्या दाण्याचे पोलादही तितकेच टणक असते आणि कानस त्यावरूनही तितकीच छान घसरते.

ठिणगी न देणारी पट्टी

पट्टीची कथा याच्या उलट दिशेने गेली. तिची दोन्ही टोके निमुळती ओढून मागे वळवली, म्हणजे बोटे आत घालून धरता येईल असा आकार आला. समोरची सरळ बाजू सुमारे ७० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड राहिली. ठिणगीसाठी पोलाद शक्य तितके टणक हवे म्हणून तेलाऐवजी पाणी वापरले. थंड झाल्यावर समोरच्या बाजूवर कानस फिरवली, आणि कानस चावली. राखाडी कीस निघाला.

ठिणगी कशी पडते हे येथे सांगितले पाहिजे, कारण दोष त्यातच लपलेला होता. चकमकीत जळते ते पोलाद, दगड नव्हे. गारगोटीची तीक्ष्ण कड पोलादाचा सूक्ष्म कीस कापून काढते; कापताना तो तापतो, त्याचा ताजा, उघडा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतो आणि तो कीस जळू लागतो. पोलाद मऊ असेल तर दगडाची कड त्यात नांगरासारखी रुतते, धातू बाजूला सरकतो, कीस जाड निघतो आणि पेट घेत नाही. हल्ली आग पेटवण्यासाठी जी काळसर सळई मिळते ती वेगळी गोष्ट आहे. ती सेरियमयुक्त मिश्रधातूची असते, हा मिश्रधातू ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये शोधला आणि तिथे सळईचाच कीस स्वतःहून पेटतो. तिला टणक पोलादाची गरज नसते. चकमकीच्या पट्टीला मात्र टणकपणाखेरीज दुसरे काहीच नको असते.

कानस चावली म्हणजे पट्टीने पाणी घेतले नाही, असा निष्कर्ष मी काढला. मग तिला अधिक तापवून पुन्हा पाणी दिले. कानस पुन्हा चावली. तिसऱ्यांदा त्याहून अधिक तापवले. कानस चावतच राहिली, गारगोटीवर झाडल्यावर एखाददुसरा लालसर कण पडे आणि वाटेतच विझे. दोन दिवस पट्टी तशीच पडून राहिली. मग सुरीचे तुटलेले तोंड पाहून झाल्यावर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. समोरची बाजू ग्राइंडरवर टेकवली, प्रत्येक टेकवण्यानंतर पाण्यात बुडवत सुमारे अर्धा मिलिमीटर थर काढला आणि पुन्हा कानस फिरवली. पहिले दोन-तीन हात चावली आणि मग घसरली. गारगोटीवर एक फटका मारला तर पिवळ्या, फांद्या फुटलेल्या ठिणग्यांचा झुपका पडला.

पोलाद पहिल्या वेळीच टणक झाले होते. टणक नव्हती ती फक्त कातडी. भट्टीच्या उष्णतेत हवेचा ऑक्सिजन पृष्ठभागातला कार्बन खाऊन टाकतो. दर तावाला काही शतांश मिलिमीटर, आणि बरेच ताव झाले की थराची जाडी काही दशांश मिलिमीटरपर्यंत जाते. त्या थरात कार्बन नसल्याने तो पाणी घेत नाही, आणि कानस त्याच थरावर फिरते. गारगोटीही त्याच थराला लागते. मी पट्टी पुन्हा पुन्हा तापवत होतो तेव्हा थर आणखी जाड करत होतो आणि आतला दाणा आणखी मोठा करत होतो, म्हणजे दोष घालवण्यासाठी मी जे करत होतो त्यानेच दोष वाढत होता. समोरची बाजू घासून झाल्यावर तिच्यावर केसासारख्या दोन बारीक चिरा दिसल्या, त्याही बहुधा तीनदा पाण्यात बुडवल्यामुळेच. पट्टी ठिणगी देत होती, तरी ती वापरण्यासाठी कोणाला देणे मला योग्य वाटले नाही. जोराने झाडताना अशा पट्टीचा तुकडा उडू शकतो.

पट्ट्यांची चाचणी

दुसरी कानस हाती घेण्यापूर्वी, तिच्याच आकाराच्या आणि त्याच शिक्क्याच्या कानशीच्या कडेपासून चार अरुंद पट्ट्या कापल्या. दोष माझ्या मते दाण्यात होता. ते प्रत्यक्ष पाहून पक्के करायचे होते. पहिली पट्टी चुंबक सोडेपर्यंत आणि त्यापुढे एक छटा अधिक तापवली. दुसरी नारिंगी रंगापर्यंत. तिसरी पिवळसर रंगापर्यंत, सुरीच्या खांद्याइतकी. तिन्ही तेलात बुडवून, पाणी न उतरवता, व्हाइसमध्ये तोडल्या. पहिलीचे तोंड डबीतल्या कारखान्याच्या तुकड्याशेजारी ठेवले तर ओळखू येत नव्हते, तितकेच मखमली. दुसरीत बारीक चमक. तिसरी थेट साखर, आणि ती तुटायला सर्वांत कमी जोर लागला.

चौथी पट्टी आधी तिसरीसारखी पिवळसर तापवून बिघडवली. मग तिला तीनदा शांत हवेत थंड होऊ दिले: पहिल्यांदा चुंबक सोडण्याच्या बऱ्यापैकी पुढे तापवून, दुसऱ्यांदा त्याहून थोडे कमी, तिसऱ्यांदा जेमतेम चुंबक सोडेपर्यंत, दर वेळी रंग पूर्ण मावळेपर्यंत थांबून. त्यानंतर योग्य तापमानाला तेलात बुडवून तोडली. तोंड पुन्हा मखमली झाले होते. हा एक तास मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यातून एक फरक स्पष्ट झाला: मोठा झालेला दाणा तापवण्या-निववण्याने परत बारीक करता येतो, पण दुमडलेला दात आणि पडलेली चीर भट्टीत कशानेही भरून येत नाही. म्हणून दाण्यापेक्षा दात्यांची काळजी आधी घ्यावी, असा क्रम मी ठरवला. अनेक जण उलट क्रमाने शिकवतात.

चार पट्ट्या करण्याचा आणखी एक फायदा असा झाला की योग्य तापमान डोळ्यांना कळू लागले. मंद उजेडात पोलाद सावकाश तापवले तर त्यात एक छाया सरकताना दिसते. रचना बदलत असताना पोलाद उष्णता शोषून घेते आणि तेवढा भाग क्षणभर आजूबाजूपेक्षा काळसर राहतो. छाया पूर्ण निघून गेली आणि रंग सगळीकडे एकसारखा झाला की क्षण आला. चुंबक ही खात्री आहे, पण छाया पाहता आली की चुंबकाकडे हात कमी जातो. भट्टी उन्हात असेल तर यातले काहीच दिसत नाही.

दुसऱ्यांदा

या वेळी दोन्ही चपट्या बाजूंचे आणि कडांचे दाते खाचांचा तळ नाहीसा होईपर्यंत घासून काढले. बाजूला सुमारे पाऊण मिलिमीटर पोलाद गेले. घासण्याच्या शेवटच्या रेघा आडव्या न ठेवता लांबीच्या दिशेने ओढल्या, कारण आडवी रेघ ही छोटी खाचच असते. दात्यांची जाळी राखण्याची इच्छा मी सोडून दिली. ज्यांना ती हवीच आहे त्यांनी ती पाठीच्या मध्यभागी, धार आणि खांद्यापासून दूर, हातोडा न लागणाऱ्या जागी ठेवावी, एवढेच म्हणेन.

धार ओढण्यापूर्वी पाते मुद्दाम धारेच्या दिशेने वाकवून घेतले, केळ्यासारखे. धार लांब होत गेली तसे ते आपोआप सरळ होत आले. त्यामुळे १४ ऐवजी ८ ताव पुरले, आणि मऊ कातडीचा थरही त्या प्रमाणात कमी झाला. रंग नारिंगीपलीकडे जाऊ दिला नाही. लाल मावळू लागला की हातोडा थांबवला. खांद्याचा आतला कोपरा गोल कानशीने घासून साधारण तीन मिलिमीटरच्या गोलाईचा केला. मग चौथ्या पट्टीप्रमाणे तीन वेळा हवेत निववणे.

मुठीच्या खिळ्यासाठी शेपटाला भोक पाडायचे होते आणि त्यासाठी पोलाद मऊ हवे होते. येथे एक सवय मोडावी लागली. पोलाद मऊ करायचे म्हणून ते नारिंगी तापवून राखेत पुरून रात्रभर ठेवणे ही अनेकांची रीत आहे आणि मध्यम कार्बनच्या पोलादाला ती चालते. पण कार्बन ०.८ टक्क्यांच्या वर गेला की असे सावकाश थंड होताना जास्तीचा कार्बन सिमेंटाइटच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाच्या, रूपाने दाण्यांच्या सीमांवर जाळ्यासारखा बसतो. ते जाळे ठिसूळ असते आणि ड्रिलही बोथट करते. म्हणून शेपूट फक्त मंद लाल, चुंबक धरत असतानाच्या उष्णतेपर्यंत, दोनदा तापवून हवेत सोडले. भोक सहज पडले.

पाणी देण्यापूर्वी धारेची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवली. याहून पातळ धार तेलात लाटेसारखी वाकते. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत गरम केले होते. कोमट तेल पातळ होते आणि पोलादाभोवती लवकर फिरते, त्यामुळे थंड तेलापेक्षा ते लवकर निववते. इतक्या साध्या पोलादाला लाल उष्णतेतून सुमारे ५०० अंशांखाली येण्यासाठी जेमतेम सेकंदभर मिळतो. भट्टीपासून तेलापर्यंतचे अंतर म्हणूनच एका पावलाचे ठेवले. पाते टोकाकडून आत घालून धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवले. आडवे हलवले तर एक बाजू आधी थंड होऊन पाते वाकते. तेलाचा डबा धातूचा, बसके झाकण असलेला होता, कारण भडका उडाला तर तो झाकणानेच विझवायचा असतो, पाण्याने कधीही नाही.

पाते बाहेर काढले तेव्हा टोक किंचित डावीकडे झुकले होते. हाताला अजून चटका बसेल इतके गरम असताना, हातमोजे घालून ते दोन लाकडी ठोकळ्यांत सरळ केले. मार्टेन्साइट साधारण २०० अंशांखालीच तयार होऊ लागतो, त्यामुळे तेवढी अर्धी-एक मिनिट पोलाद ऐकते. त्यानंतर जबरदस्ती केली तर तुटते. कातडी घासून मग कानस लावली, या वेळी क्रम बदलून. लगेचच, त्याच तासात, २०५ अंशांना एक-एक तास दोनदा पाणी उतरवले.

धार लावल्यावर पितळी सळईची चाचणी केली: धार सळईवर टेकवून हलका दाब देत ओढली की ती डोळ्यांना दिसेल इतकी झुकली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. झुकून तशीच राहिली तर मऊ, कण निघाला तर कडक. पात्याच्या मध्यापाशी एक कण निघाला. २२० अंशांना आणखी एक तास दिला, धार नव्याने लावली, आणि मग संपूर्ण लांबीभर ती झुकून परत आली. मूठ बसवताना मी तोच लाकडी हातोडा वापरला आणि आधीपेक्षा बराच जोराने ठोकले.

चकमकीच्या पट्टीबद्दल कमी लिहावे लागेल, कारण या वेळी ती मुकाट्याने झाली. दाते काढले, ताव पाचच लागले, तीनदा निववली. पाणी देताना सगळी पट्टी न बुडवता फक्त समोरच्या बाजूची ८ ते १० मिलिमीटर कड पाण्यात धरली. मागची वळणे लाल असतानाच मंदावू दिली, त्यामुळे बोटांत धरायचा भाग चिवट राहिला. समोरची बाजू पाण्यात बुडवत बुडवत अर्धा मिलिमीटर घासली. सुरीच्या २२० अंशांच्या तुलनेत पट्टीला फक्त १६० अंशांचा एक तास दिला, एवढ्याने टणकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि पाण्याने आलेला ताण सैल होतो. एकाच कानशीचे पोलाद असूनही दोघींना एकाच ओव्हनमध्ये, एकाच आकड्यावर ठेवणे हा मागच्या वेळचा आणखी एक विचार होता. तो मी अंमलात आणला नव्हता याचे आता बरे वाटते.

ठिणगी पकडण्यासाठी सुती कापडाचे तुकडे बारीक भोक पाडलेल्या बंद डब्यात, भोकातून धूर येणे थांबेपर्यंत तापवून कोळसावून घेतले. काळे झालेले कापड गारगोटीच्या कडेवर अंगठ्याने धरले आणि पट्टी त्या कडेवरून तिरपी खाली झाडली. तिसऱ्या फटक्याला कापडाच्या कडेवर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला आणि फुंकर न घालताही पसरू लागला. पुढच्या वीस फटक्यांपैकी सतरा फटक्यांना ठिणग्या आल्या. उरलेल्या तिघांत दोष दगडाचा होता, त्याची कड बोथट झाली होती. कपचा काढून नवी कड केल्यावर पट्टी पुन्हा तशीच चालली.

सुरी आता रोजच्या वापरात आहे. तिच्या टोकाकडचा १० ते १२ मिलिमीटरचा भाग बाकी धारेपेक्षा लवकर बोथट होतो, हे दोन आठवड्यांत लक्षात आले. ग्राइंडरवर शेवटची धार लावताना पातळ टोक बोटांना सहन होणार नाही इतके तापले होते आणि एका क्षणी त्यावर निळी छटा येऊन गेली होती. तेवढ्यात तिथले पाणी उतरले. सगळ्या पात्याला पुन्हा पाणी देण्यापेक्षा टोकच तेवढे हाताने, ओल्या दगडावर मागे घासत आणायचे ठरवले आहे. आजवर चार मिलिमीटर मागे आलो आहे आणि पितळी सळईवर ते टोक अजून झुकून तसेच राहते.